मुलगा गे आहे हे कळल्यावर एका घराने काय काय केलं: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण लिहायला घरच्यांनी स्वतः परवानगी दिली आहे. कुणाचंही नाव घेतलेलं नाही, नोकऱ्या आणि ओळखू येतील अशा बाकी गोष्टी बदलल्या आहेत. मी समुपदेशनाचं काम करते, मुलाची ताई माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हापासून मी या घराच्या संपर्कात आहे, त्यामुळे बऱ्याच गोष्टी जवळून बघितल्यात आणि काही त्यांच्या तोंडून ऐकल्यात.

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. आप्पा साखर कारखान्यात क्लार्क होते, आता रिटायर झालेत पण पतसंस्थेच्या संचालक मंडळावर आहेत म्हणजे गावात उठबस मोठी, रोज चार लोक घरी येणारच. आई घर सांभाळते, भजनी मंडळात आहे. ताई लग्न होऊन पुण्यात, दाजी खाजगी कंपनीत, एक शाळेत जाणारी मुलगी. धाकटा एकोणतीस वर्षांचा, हिंजवडीत आयटीमध्ये, वाकडला टू बीएचके भाड्याने घेऊन राहतो आणि सोबत त्याचा 'मित्र' राहतो. हा मित्र गणपतीला गावी येऊन जायचा, आप्पांना मोबाईलवर सातबारा कसा काढायचा ते त्यानेच शिकवलेलं, आईला तो आवडायचा कारण ताटात काही टाकत नाही. दोघं चार वर्षं एकत्र आहेत हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

प्रश्न कुठे उभा राहिला

२०२३ च्या गौरी-गणपतीत मामांनी स्थळ आणलं. मुलगी बँकेत नोकरीला, घर ओळखीचं, पत्रिका जुळली, मामांनी मुलीच्या वडिलांना जवळजवळ शब्दच दिला. मध्ये पितृपक्ष येत होता म्हणून कांदेपोह्यांचा कार्यक्रम दसऱ्यानंतर ठरला. धाकटा सगळ्यांसमोर हो हो करत राहिला आणि पुण्यात परत गेल्यावर एका रात्री ताईला फोन करून सगळं सांगून टाकलं, की मी गे आहे, मला मुलीत रस नाही, आणि तो जो माझ्याबरोबर राहतो तो नुसता मित्र नाहीये.

ताई म्हणते मला धक्का बसला, पण तिच्या तोंडून जे निघालं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. तिने विचारलं, "अजून कुणाकुणाला माहीत आहे? आणि तू जेवलास का?" दुसरा प्रश्न बहिणीचा आहे, त्याबद्दल काय बोलणार. पण पहिला प्रश्न खूप कामाचा होता, कारण त्यातून दोघांमध्ये लगेच ठरलं की ही गोष्ट त्याची आहे, कुणाला कधी सांगायचं ते तो ठरवणार. ताईने त्या रात्री दाजींनाही सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशी त्याला विचारून मग सांगितलं.

समोर काय पर्याय होते

हाताशी पितृपक्ष आणि नवरात्र एवढाच वेळ होता. पहिला पर्याय धाकट्यानेच मांडला आणि तो ऐकून ताई जास्त घाबरली: "करून टाकतो लग्न, आईला बरं वाटेल, पुढचं पुढे बघू." हे तो चिडून बोलत नव्हता, त्याने खरंच तसा विचार केला होता आणि असा विचार करणारे खूप जण असतात. ताईने त्यावर लेक्चर दिलं नाही, एवढंच विचारलं की त्या मुलीला तू काय सांगणार? ती बँकेत नोकरी करते, तिला दुसरी स्थळं येतायत, ती तुझ्या घरी आयुष्य काढायला येणार आणि तिला कारणच माहीत नसणार. असं लपवून केलेलं लग्न पुढे कोर्टात फसवणूक म्हणून उभं राहू शकतं हे खरंच, पण कोर्ट राहू दे बाजूला, एका मुलीची पाच-दहा वर्षं जातात. माझ्या मते लग्नाचा पर्याय तिथेच संपायला हवा आणि तो संपला.

दुसरा पर्याय, कार्यक्रमाला जायचं आणि मुलगी पसंत नाही म्हणायचं. सोपं वाटतं पण त्यात पुन्हा त्या मुलीचाच अपमान, आणि मामा महिन्याभरात दुसरं स्थळ आणणार हे नक्की. तिसरा, ऑनसाईटला परदेशी जातोय असं सांगून वर्षभर ढकलायचं, पण खोटं एकदा सुरू केलं की ताईलाही रोज तेच बोलावं लागणार. चौथा पर्याय ताईने आईआप्पांना सांगायचं. धाकट्याला हे हवं होतं, "तू सांग, तुझं ऐकतात", पण ताई नाही म्हणाली. तिचं म्हणणं होतं की मी सांगितलं तर ते तुझ्याबद्दल मलाच प्रश्न विचारत बसतील आणि तू आरोपीसारखा बाहेर उभा राहशील. मी शेजारी बसते, बोल तू.

मग राहिलं हेच, की त्याने सांगायचं, ताई बरोबर. आधी कुणाला? आप्पांना बीपी, शिवाय राग पटकन. म्हणून आधी आईला एकटीला सांगायचं ठरलं. हा निर्णय त्यावेळी योग्य वाटला, त्याची किंमत आईने मोजली, त्यावर खाली येतेच.

आईला सांगितलं ते

पितृपक्षातच दोघं गावी गेले, आप्पा पतसंस्थेत असताना दुपारी आईला सांगितलं. आईचे पहिले प्रश्न असे होते: लहानपणी तुला कुणी काही केलं का रे? होस्टेलला ठेवलं म्हणून असं झालं का? मग थोडा वेळ गप्प, आणि मग "म्हणजे तो पण?" मित्राबद्दल. गंमत म्हणून नाही सांगत, पण आईचा सगळ्यात जास्त राग त्या मित्रावर निघाला, माझ्या घरात बसून जेवून गेला आणि मला फसवलं असं. पुढे कित्येक महिने त्याचं नाव काढू द्यायची नाही.

कांदेपोहे रद्द करायला मात्र आई लगेच तयार झाली. मामांना निरोप गेला की मुलाची सध्या लग्नाची तयारी नाही. वाक्य खरं होतं, त्यात काही खोटं मिसळायची गरज पडली नाही. मामा चिडले, कारण शब्द त्यांनी दिला होता आणि मुलीकडच्यांसमोर मान खाली त्यांची गेली.

मग आला १७ ऑक्टोबर. नवरात्राचे दिवस, घरी टीव्हीवर सुप्रीम कोर्टाची बातमी चालू, पाच न्यायाधीशांनी सांगितलं की समलिंगी जोडप्यांच्या लग्नाला कायद्याची मान्यता कोर्ट देऊ शकत नाही, ते संसदेचं काम. आप्पा खुर्चीत बसून म्हणाले, "बरं झालं, नाहीतर काय काय बघायला लागलं असतं." आई स्वयंपाकघरात गेली आणि तिथून ताईला फोन केला, बोलली काहीच नाही, नुसती रडली. त्या घरात तिच्याशी बोलायला एकही माणूस नव्हतं. नवऱ्याला सांगायचं नाही, भजनी मंडळात सांगायचं नाही, मुलाशी बोलावं तर तो स्वतःच जखमी, आणि मुलगी पुण्यात. तिने भजनाला जाणं बंद केलं, झोप उडाली.

मामा आणि 'इलाज'

दिवाळीत माहेरी गेल्यावर आईने मामांना सांगितलं. तिला दोष देता येणार नाही, कुणाजवळ तरी ओझं उतरवायला हवं होतं. पण मामांनी दोन गोष्टी केल्या. एक, डिसेंबरात आप्पांना सांगून टाकलं. दोन, जवळच्या शहरातला एक डॉक्टर शोधून काढला जो म्हणाला सहा महिन्यांचा कोर्स करू, हार्मोनची इंजेक्शनं देऊ आणि कोर्स चालू असतानाच लग्न लावून टाका.

मामा वाईट माणूस नाहीत हे मला मुद्दाम लिहायचंय. भाच्याच्या शिक्षणाला पैसे त्यांनीच दिले होते. त्यांच्या डोक्यात हा आजार होता आणि आजारावर डॉक्टर, एवढं सरळ.

आप्पांनी धाकट्याला काही बोललं नाही. फोनवर एकच वाक्य, "पैशाचं काही लागलं तर सांग", आणि फोन आईकडे. ताईला मात्र म्हणाले, "तुला माहीत होतं, हिला माहीत होतं, त्या मेव्हण्याला माहीत होतं. मला शेवटी." पुढचे कित्येक दिवस घरात जे चाललं त्यात मुलगा गे असण्याच्या दुःखापेक्षा, घरातल्या कर्त्या माणसाला सगळ्यात शेवटी कळलं हे दुःख मोठं होतं असं मला वाटतं.

याच वेळी ताई माझ्याकडे आली. तिला वाटत होतं भावाला समुपदेशनाची गरज आहे. भाऊ ठीक होता, दमलेला होता पण ठीक होता. प्रश्न घेऊन बसलेले आईआप्पा होते, आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तर देणारा एकमेव माणूस तो इंजेक्शनवाला डॉक्टर होता. म्हणून ताईने घरी जे सांगितलं ते असं: "त्याला कुठल्याही डॉक्टरकडे न्यायचं नाही. पण आपण तिघं जाऊ, तुम्ही, आई आणि मी. तुम्हाला जे विचारायचंय ते विचारा." माझ्या दृष्टीने या पूर्ण प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, कारण डॉक्टरला तोड म्हणून डॉक्टरच दिला आणि पेशंटच्या खुर्चीवरून मुलाला उठवलं.

आप्पा लगेच तयार झाले नाहीत. त्यांना हक्क, समानता असलं काही ऐकायचं नव्हतं, पण ते आयुष्यभर फायली आणि परिपत्रकं वाचलेले गृहस्थ, त्यामुळे दाजींनी कागदाच्या भाषेत बोलायचं ठरवलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच हे आजारांच्या यादीतून काढलंय. आपल्याकडच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की मानसिक आजार ठरवायचा तो मान्य वैद्यकीय निकषांवर, समाजाला किंवा नातेवाईकांना पटत नाही म्हणून नाही. आणि २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने राज्यांच्या मेडिकल कौन्सिलांना कळवलंय की असे 'बदलण्याचे' उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे, म्हणजे त्या डॉक्टरची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार होऊ शकते. हे शेवटचं ऐकून आप्पा सरळ बसले. मग दाजींनी सांगितलं की हे आलं कुठून, मदुराईच्या दोन मुली घरच्यांपासून संरक्षण मागायला मद्रास हायकोर्टात गेल्या आणि न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी निकाल द्यायच्या आधी, मला यातलं नीट समजत नाही असं मोकळेपणी सांगून स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे सेशनला बसले, आणि जून २०२१ च्या आदेशात असल्या उपचारांवर बंदी घालायला सांगितलं. हायकोर्टाचा जज समजून घ्यायला जाऊन बसतो तर आपण का नाही, हे दाजींना बोलून दाखवायची गरजच पडली नाही. आप्पा म्हणाले, "बघ मग अपॉइंटमेंट."

डॉक्टरांपुढचे तीन प्रश्न

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात एका मानसोपचारतज्ज्ञांकडे तिघं गेले. मराठीत बोलणारे, वयाने आप्पांच्या आसपासचे, हे दोन्ही मुद्दाम बघितलं होतं, कारण पंचविशीतल्या पोरीने समजावलेलं आप्पांच्या गळी उतरलं नसतं.

आप्पांनी प्रश्न कागदावर लिहून आणले होते. आमचं काय चुकलं? डॉक्टर म्हणाले काहीच नाही, संगोपनाने असं होत नाही आणि असं होऊ नये म्हणून करण्यासारखंही काही नसतं, तपासणी नाही कारण आजार नाही. पोलीस केस होईल का? नाही, ६ सप्टेंबर २०१८ लाच सुप्रीम कोर्टाने कलम ३७७ मधला तो भाग काढलाय, दोन सज्ञान माणसं संमतीने एकत्र राहतात तो गुन्हा नाही. तिसरा प्रश्न विचारताना त्यांचा आवाज बदलला असं ताई सांगते: "आम्ही गेल्यावर, म्हातारपणी त्याला कोण बघणार?"

इथे थोडं थांबून सांगते. आईवडलांचा नकार ऐकला की आपल्याला वाटतं हे लोक जुनाट, समाजाला घाबरणारे. समाजाची भीती असतेच, पण आपल्याकडे लग्न म्हणजे म्हातारपणाची सोय, आजारपणाची सोय, अंगावर पांघरूण घालणारं माणूस, आणि तेच मुलाच्या आयुष्यातून गेलं असं आईवडलांना दिसत असतं. या प्रश्नाला 'प्रेम महत्त्वाचं' असलं उत्तर चालत नाही. डॉक्टरांनी उलट विचारलं, "आत्ता ताप आला तर कोण बघतं?" कुणी काही बोललं नाही पण उत्तर तिघांनाही माहीत होतं.

आईला माणूस मिळालं

त्याच महिन्यात 'स्वीकार' या पालकांच्या गटातल्या एका मराठी आईशी फोन जोडून दिला. हा गट एलजीबीटी, म्हणजे लेस्बियन, गे, बायसेक्शुअल, ट्रान्सजेंडर मुलांच्या आईवडलांचाच आहे. पहिला फोन तासभर चालला. आई नंतर ताईला म्हणाली, "त्यांनी मला काही शिकवलं नाही गं, त्यांना पण तस्संच झालेलं." त्यानंतर तिची झोप हळूहळू परत आली, आषाढी एकादशीच्या सुमाराला भजनालाही जायला लागली.

एक गोष्ट उलटी पडली. ताईने आईला धीर यावा म्हणून सांगितलं की २०१५ मध्ये मुंबईच्या पद्मा अय्यर यांनी आपल्या मुलासाठी, हरीश अय्यरसाठी, वर पाहिजे अशी जाहिरात पेपरात दिली होती. आई एकदम घाबरली. "त्या मुंबईच्या. मला इथे राहायचंय, माझ्याकडून असलं काही होणार नाही." तिला वाटलं आता माझ्याकडूनही हीच अपेक्षा आहे. धाडसी उदाहरणं आपल्याला आवडतात, पण ज्या आईचं अजून नवऱ्याशी यावर मनमोकळं बोलणं झालं नाही तिच्यासाठी शेजारच्या तालुक्यातल्या साध्या बाईचा एक फोन जास्त उपयोगाचा.

दवाखाना आणि कागद

जुलै २०२४ मध्ये धाकट्याला डेंग्यू झाला, प्लेटलेट्स उतरल्या, ॲडमिट केलं. फॉर्मवर नातेवाईकाची सही हवी होती, काउंटरवर जोडीदाराला विचारलं तुम्ही कोण, तो म्हणाला मित्र, मग घरचं कुणी बोलवा. ताई धावत गेली. आईआप्पा रात्रीच्या एसटीने निघाले, सकाळी पोचले तेव्हा जोडीदार दोन रात्री जागा होता. आप्पांनी त्याला म्हटलं, "तू जा, अंघोळ करून झोप जरा, मी बसतो इथे." सात-आठ महिन्यांत त्यांनी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

पण त्या काउंटरवरच्या फॉर्मची गोष्ट आप्पांच्या डोक्यातून गेली नाही. पतसंस्थेत नॉमिनी, वारस, जामीनदार यांचीच भांडणं बघण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी स्वतःच शोधायला घेतलं. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की एलजीबीटी व्यक्तींना जोडीदाराबरोबर जॉइंट खातं उघडायला आणि त्याला नॉमिनी करायला काहीही आडकाठी नाही, ती बातमी त्यांनीच कापून ठेवली. खातं उघडलं, दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं. मग त्यांनी पोरांना बसवून सांगितलं की नुसता नॉमिनी करून भागत नाही, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. विम्यात तर आईवडील, नवराबायको, मुलं यांच्यापैकी नॉमिनी असेल तरच पैसा कायद्याने त्याचा, बाहेरचा माणूस असेल तर तो फक्त पैसे स्वीकारतो आणि वारस हक्क सांगू शकतात. म्हणून मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण केलेलं बरं, दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याच्या नावावर करायचंय त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नका. दोघांनी एकमेकांच्या नावाने मृत्युपत्रं केली. दवाखान्यासाठी दोघांच्या पाकिटात एकमेकांचे नंबर आणि सही केलेलं पत्र असतं. त्या पत्राला प्रत्येक दवाखाना मानेल असं नाही, पण काउंटरवर नुसतं 'मित्र' म्हणून उभं राहण्यापेक्षा बरं.

आप्पा अजूनही 'गे' हा शब्द बोलत नाहीत. त्यांना बोलायला लावायची गरज मला वाटत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

घरच्यांनी बसून यावर बोलणं झालंय, त्यांचं आणि माझं सगळंच एकमत नाही. ताईला वाटतं दोघांना एकदमच सांगायला हवं होतं. मला तसं वाटत नाही, आप्पांच्या तापट स्वभावामुळे आईला आधी सांगणं चुकीचं नव्हतं. पण आईला सांगतानाच दोन गोष्टी हाताशी हव्या होत्या, तिला मोकळेपणी बोलता येईल अशा बाहेरच्या एका माणसाचा फोन नंबर, आणि आप्पांना कधीपर्यंत सांगायचं त्याची साधारण तारीख. तारीख न ठरवता 'बघू' म्हटलं आणि त्या 'बघू'मध्ये ती तीन महिने एकटी अडकली. स्वीकारसारखा गट, किंवा पुण्यात एलजीबीटी लोकांसाठी २००२ साली सुरू झालेला समपथिक ट्रस्ट, किंवा रात्री-अपरात्री सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६, यातलं काहीही ऑक्टोबरमध्येच तिच्यापर्यंत पोचवता आलं असतं.

मुलीकडच्यांना निरोप उशिरा गेला. पितृपक्षाच्या पहिल्याच दिवशी नाही म्हणून कळवायला हवं होतं, त्यांनी नवरात्रात तयारी सुरू केली होती. त्या मुलीने काही केलेलं नसताना तिच्याबद्दल गावात दोन शब्द झाले, हे धाकट्याला आजही टोचतं.

आणि त्या वर्षभरात प्रत्येकजण प्रश्न घेऊन धाकट्याकडेच जात होता, आई, दाजी, नंतर आप्पा. तो ऑफिस करून रात्री सगळ्यांना समजावत बसायचा. ताईने मध्येच हे बंद केलं, "मला विचारा, मला माहीत नसेल तर मी वाचून सांगते". हे पहिल्या आठवड्यातच करायला हवं होतं.

आत्ता कुठे आहे

भावकीत कुणाला माहीत नाही, गावात कुजबुज आहे. मामा त्या डॉक्टरचं नाव काढत नाहीत, धाकट्याशी फोनवर बोलतात, लग्नाचा विषय टाळतात. जोडीदाराच्या स्वतःच्या घरी मात्र अजून काहीच सांगितलेलं नाही आणि तिथे ताईसारखं कुणी नाही, त्यामुळे तो अधूनमधून ताईलाच फोन करतो.

पुढचा प्रसंग मामांच्या मुलीच्या लग्नाचा आहे. आईचं म्हणणं दोघांनी यावं, मित्र म्हणून तर तो आधीही यायचाच. आप्पांना वाटतं पाहुण्यांच्या गर्दीत कुणी काही बोललं तर पोरांना त्रास होईल, नकोच. ताई दोघांनाही एकच सांगते की ते त्या दोघांना ठरवू द्या, आणि ते आले तर कुठे बसायचं, कुणी विचारलं तर काय सांगायचं, एवढं आपल्यात आधी बोलून घेऊ. धाकट्याने अजून काही ठरवलेलं नाही.